बाबा, सांदण दरी आणि पाणी नक्की जातं कुठे

सांदणचे फोटो तुम्ही बघितलेच असणार. दोन्ही बाजूंना काळाकुट्ट कातळ, वर आकाशाची एक बारीक पट्टी आणि खाली मधोमध कुणीतरी हात पसरून उभं. थंडी सुरू झाली की दर सोमवारी आमच्या ऑफिसात कुणा ना कुणाचा तरी डीपी हाच असतो. शनिवारी रात्री मुंबईहून निघायचं, सकाळी दरीत शिरायचं, शेवटी दोराला लटकून खाली कोकणात उतरायचं आणि सोमवारी मांड्या चोळत कामावर, असा एकूण ठरलेला कार्यक्रम. त्यात वाईट काहीच नाही, मजा येते, मीसुद्धा कॉलेजात असताना अशीच दोर लावून खाली उतरलेय. पण या जानेवारीत गेले ते बाबांना घेऊन, आणि त्यांच्यासोबत तीच दरी इतकी वेगळी निघाली की म्हटलं लिहून काढू.

बाबा कसे आहेत ते आधी सांगायला पाहिजे. महापालिकेच्या पाणीखात्यात अख्खी नोकरी, त्यातली बरीच वर्षं तानसाच्या पाइपलाइनवर. आम्ही मुलुंडचे, त्यामुळे पाइपलाइन म्हणजे घरचीच गोष्ट. बाकीची पोरं नॅशनल पार्कात पिकनिकला जायची, आम्हाला विहार १८६०चं, तुळशी १८७९चं आणि तानसा १८९२चं अशी धरणांची पाळण्यातली नावं सांगावीत तशी सांगितली गेली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की लोकांकडे भजी होतात, आमच्याकडे भजीसोबत मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची पातळी मोठ्याने वाचली जाते. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, आता सत्तरीला टेकले, पण सवय गेलेली नाही. नळाला पाणी कमी आलं की सोसायटीतले लोक अजून आमच्या दारावर येतात, आणि त्यांना ते आवडतं हे मला माहितीये.

तर मी आतेभावाशी फोनवर सांदणचं ठरवत होते आणि बाबा पेपरच्या मागून म्हणाले, "साम्रदला ना? घाटघरच्या शेजारी. मी पण येतो."

आई म्हणाली, "अहो, तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन."

आईने यावर काही बोलायच्या ऐवजी माझ्या बॅगेत गुडघ्याचे पट्टे आणि मलमाची ट्यूब टाकली. विषय संपला.

प्रवासाचं फार लिहीत नाही, रात्रीची कसारा लोकल, कसाऱ्याला आधीच सांगून ठेवलेली जीप, घाट, इगतपुरी, घोटी, मग कळसुबाईच्या पायथ्याचं बारी, शेंडी आणि भंडारदऱ्याच्या पाण्याच्या कडेकडेने घाटघर-साम्रद. फक्त एक सांगते, लोकलमध्ये आम्ही दोघं बहीण-भाऊ माना टाकून झोपलो होतो आणि बाबा मात्र टक्क जागे. आटगाव आलं, "इथून आत तानसा." खर्डी आलं, "इथून वैतरणा." समोरच्या सीटवर एक भाजीवाले काका होते, त्यांना रात्री बाराच्या पुढे मुंबईचं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून येतं ही माहिती मिळाली. काका सभ्य होते, "असं का" म्हणाले.

ज्यांना नक्की कुठे ते माहीत नाही त्यांच्यासाठी, साम्रद हे अकोले तालुक्यातलं गाव, जिल्हा नगर म्हणजे आताचा अहिल्यानगर. अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, यावरून आमच्या ऑफिसात एकाने चक्क वेगळी ट्रेन शोधली होती. सह्याद्रीची अगदी कड आहे ही. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग-मदन-कुलंग, जरा लांब कळसुबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. सगळा भाग कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो त्यामुळे वाटेत वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. गावात महादेव कोळी लोकांची वस्ती, बऱ्याच घरांत आता जेवणाची, झोपायची सोय होते आणि गावातलीच पोरं वाटाड्या म्हणून येतात. वाटाड्या घ्याच. वाट चुकायला दरीत जागाच नाही हे खरं, पण कुठल्या दगडावर पाय टाकायचा आणि कुठल्यावर नाही हे त्या पोरांना जसं कळतं तसं आपल्याला गुगलवरून कळत नाही.

आमच्यासोबत आलेला दादा चोविशी-पंचविशीचा असेल, पायात साधी चप्पल. त्याने बाबांकडे बघितलं, गुडघ्याच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, घाई न्हाय करायची, दिवस आपलाच हाय." बाबांना तो तिथल्या तिथे पसंत पडला.

गावातून दरीच्या तोंडापर्यंत शेतांच्या बांधांवरून सपाट चालत जायचं, भात कापून झालेली खाचरं, त्यात धसकटं, मध्येच हिरड्याची झाडं. मोठं काही पुढे आहे याचा पत्ताच लागत नाही. आणि इथेच बाबांनी पहिला ब्रेक लावला. उभे राहिले आणि दादाला विचारलं, "या दरीतलं पाणी कुठे जातं?"

"खाली. डेहण्याकडं."

"म्हणजे शहापूर तालुका."

"हा."

"आणि तिकडचं, रतनवाडीच्या बाजूचं?"

"ते धरणात."

बाबा जे खूश झाले. मला आधी कळेना की यात एवढं काय. मग त्यांनी काठीने मातीत रेघ मारून दाखवलं तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि खरं सांगते, त्यानंतर दिवसभर मी ती दरी दुसऱ्याच डोळ्यांनी बघितली. रतनगडावर प्रवरा उगम पावते. ती रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी खाली येते, भंडारदऱ्याच्या धरणात जाते, १९२६चं धरण, अकरा टीएमसी, तिथून रंधा धबधबा, मग निळवंडे, मग संगमनेर, पुढे नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, म्हणजे जायकवाडीच्या फुगवट्यात. तिथून मराठवाडा, तेलंगणा, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. आणि इथे, त्याच डोंगराच्या याच अंगाला, काही किलोमीटरवर पडलेला पाऊस सांदणमध्ये घुसतो, कड्यावरून थेट कोकणात पडतो आणि उल्हासच्या खोऱ्यातून आपल्याच खाडीला येऊन अरबी समुद्रात. एका ढगातले दोन थेंब, एकाने जेमतेम शंभर-दीडशे किलोमीटर जायचं आणि दुसऱ्याने अख्खा देश आडवा ओलांडायचा. कुठला थेंब कुठे जाणार हे कुठल्यातरी शेताच्या बांधावर ठरतं. बाबांना तो बांध शोधायचा होता. आतेभावाने त्यांना हाताला धरून पुढे आणलं नसतं तर आम्ही दरी न बघताच परत आलो असतो.

दरीच्या तोंडाशी एक झरा आहे, थंडगार आणि गोड पाणी, तिथे बाटल्या भरल्या आणि आत उतरलो.

आता आतलं. सुरुवातीला रुंद असते, झाडं असतात, ऊन असतं, मोठमोठे धोंडे पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेले. मग भिंती जवळ यायला लागतात आणि एका वळणानंतर ऊन बंद. एकदम. तापमान बदललेलं कानाच्या पाळ्यांना आधी कळतं. आवाजही बदलतो, मागच्या ग्रुपमधलं कुणीतरी हसलं तर ते हसणं आपल्या पुढे जाऊन परत येतं. मी बऱ्याच लोकांना सांदणचं वर्णन करताना ऐकलंय, ग्रँड कॅनियन वगैरे म्हणतात, आशियातली अमुक नंबरची दरी म्हणतात, ते आकडे कुणी काढले देव जाणे. मला विचाराल तर ती गिरगावातल्या दोन चाळींमधली घरगल्ली आहे, फक्त चाळी तीनेकशे फूट उंच आणि कुणीही वरून कचरा टाकत नाही. तेवढीच अरुंद, तेवढीच ओली, आणि वर बघितलं की तेवढंच आकाश.

वरून कचरा टाकत नाही म्हटलं खरं, पण दगड येतात. वर माकडं फिरतात, त्यांच्या पायाने सुटतात. म्हणून हेल्मेट असेल तर घाला आणि सगळ्यात अरुंद जागी फोटोसाठी अर्धा तास ठिय्या मारू नका. कातळात वर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे डिओ-परफ्यूम मारून येऊ नका, आत सिगरेट पेटवू नका आणि स्पीकरवर गाणी तर अजिबात नकोत. यातलं शेवटचं मी मधमाश्यांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त लिहितेय. 

पहिलं पाणी लागतं ते गुडघ्याच्या वर असतं, दुसरं खोल, कमरेच्या वर जातं, आणि पावसाळा संपून किती दिवस झालेत त्यावर ते अवलंबून. फेब्रुवारी-मार्चनंतर कमी होत जातं. जानेवारीच्या सकाळी त्या पाण्यात पाय घालणं म्हणजे काय ते लिहून कळणार नाही. ऊन त्या पाण्याला दिवसातून जेमतेम शिवून जातं. आतेभाऊ, जो एरवी ट्रेकचे व्हिडिओ टाकून लोकांना मोटिवेशन देतो, त्याने एक असा आवाज काढला की वरची कबुतरं उडाली. बाबांनी पँट दुमडली, काठी पुढे रोवली आणि मोजत गेले. मोजत म्हणजे खरंच, काठीवर बोटाने खूण करून. पलीकडे गेल्यावर म्हणाले, "साडेतीन फूट." कुणी विचारलं नव्हतं.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र त्याच्या पुढे होती. एका जागी दोन भिंतींच्या मध्ये वर एक ओंडका अडकलेला होता, झाडाचं अख्खं खोडच, साल निघालेलं, पांढरं पडलेलं. किती वर? माझा हात वर केला आणि त्यावर अजून एक माणूस उभा केला तरी पोचणार नाही इतकं. मी कॉलेजात असताना इथून गेलेय, तेव्हाही असलं काहीबाही अडकलेलं असणारच, पण तेव्हा नजर दोराकडे होती. बाबा म्हणाले, "तो तिथे कुणी नेऊन ठेवलाय?"

मी म्हटलं, "कोण ठेवेल, पाण्याने आणलाय."

"मग पाणी कुठपर्यंत होतं?"

आणि मग सगळ्यांनी एकदम वर बघितलं. आपण जिथे उभे राहून सेल्फी काढतोय ती जागा जुलैमध्ये दोन-तीन माणसं खोल पाण्याच्या बुडाशी असते. बाबांच्या भाषेत एचएफएल, हायेस्ट फ्लड लेव्हल. पुलाच्या खांबांवर रंगाने रेघ मारलेली असते ना, तशी इथे निसर्गाने ओंडका लावून ठेवलाय. पुढे मग आम्हाला खेळच लागला, भिंतीवर कुठपर्यंत कातळ गुळगुळीत आहे आणि कुठून वर खडबडीत होतो ते बघायचं, म्हणजे घासणारं पाणी कुठपर्यंत येतं ते कळतं. खाली हात फिरवला तर पॉलिश केल्यागत लागतो. वर कोपरे धारदार.

खडक काळा बसाल्ट, महाराष्ट्रातला जवळजवळ अख्खा सह्याद्री त्याचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. थर भिंतीत दिसतातही, एक जाड, एक जरा ठिसूळ, मध्येच बारीक भोकांचा, ज्यात पांढरे खडे चमकतात. बाबांना बसाल्ट माहीत आहे कारण मुंबईच्या पोटातून जे जलबोगदे गेलेत त्यातले बहुतेक याच जातीच्या खडकातून. त्यांचं म्हणणं असं की हा खडक अखंड असला तर पाणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही, पण त्याला भेग असली की संपलं. बोगदा खणताना भेग लागली की पाणी गळायला लागतं आणि मग रात्रंदिवस पंप. इथे उलटं, इथे पाण्याने भेग पकडली, वर्षानुवर्षं वरून आणलेले धोंडे तिच्यातून घासत नेले आणि ती इतकी खोल केली. पाण्याने खडक कापला म्हणतात पण पाणी नुसतं काही कापत नाही, दगडाने दगड कापला, पाणी फक्त ढकलायचं काम करतं. कुणाला हे पटत नसेल तर पायाखाली बघावं, फुटबॉलएवढे, माठाएवढे, छोट्या गाडीएवढे धोंडे, सगळे कोपरे झिजलेले.

आणि ढकलणारं पाणी तरी किती. घाटघरच्या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईच्या दुपटीहून जास्त, आणि त्याच नगर जिल्ह्यात पूर्वेला गेलात तर पाचशे-सहाशेवर लोक देवाला हात जोडतात. म्हणून पावसाळ्यात सांदणमध्ये कुणी म्हणजे कुणीच जाऊ नये. दरीत ऊन असलं तरी वर पठारावर सर आली की ती सगळी या एका फटीतून खाली येते आणि पळायला डावं-उजवं काही नाहीच. गावातली माणसं पावसाळ्यात आत पाऊल टाकत नाहीत, तेव्हा आपण कोण लागून गेलो.

पुढे पुढे दरी उघडत जाते आणि एका जागी जमीनच संपते. समोर हवा. खाली धुरकट निळं कोकण, डाव्या हाताला आजोबा पर्वताचा कडा. इथून दोराने उतरणारे ग्रुप लाइनीत बसलेले होते, हेल्मेट, हार्नेस, कुणी थंडीने आणि कुणी भीतीने गप्प. एका ताईंनी बाबांना विचारलं, "काका, तुम्ही पण उतरणार?" बाबा म्हणाले, "मी पाणी नाही." पूर्ण लाइन हसली आणि बाबांना दोन खजूर आणि एक चिक्की मिळाली.

आम्ही तिथून परत फिरलो, आणि माझं ठाम मत झालंय की सांदण बघायची तर परतच फिरावं. दोर लावून उतरण्यात मजा आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यात काय होतं की सकाळी दरीत तुमचं सगळं लक्ष पुढे असतं, नंबर कधी लागणार, अंधार पडायच्या आत खाली पोचू का, गाडी फिरून डेहण्याला आलीये का, आणि दरी नुसती मागे पडत जाते. परत फिरलात की तीच दरी वरच्या बाजूला तोंड करून चढायची असते, म्हणजे पाणी ज्या बाजूने येतं तिकडे बघत. ती दिसते वेगळी. आणि दुपार झालेली असते, ऊन बरोबर फटीवर आलेलं असतं, सकाळी जी भिंत काळी होती ती खालपर्यंत तांबूस, आणि साठलेल्या पाण्यावरून उजेड उसळून वरच्या कातळावर हलत असतो. फार वेळ नाही टिकत ते. रॅपलवाले ग्रुप तोपर्यंत पुढे गेलेले असतात त्यामुळे तेवढा वेळ दरीत गर्दीही नसते, ही टीप फुकट देतेय.

चढताना बाबांना वेळ लागला, भरपूर लागला. धोंड्यांवर हात टेकून, बसून, सरकत. दादा त्यांच्या पुढे राहायचा आणि कुठे पाय ठेवायचा ते न बोलता आधी स्वतः ठेवून दाखवायचा, हात मात्र मागितल्याशिवाय द्यायचा नाही. इतकं शहाणपण मी मोठमोठ्या डॉक्टरांमध्ये बघितलेलं नाही. मध्ये बसलो की बाबा त्याला विचारत, पाऊस कधी लागतो, पहिलं पाणी दरीत कधी येतं, आवाज गावात ऐकू येतो का. "येतो ना," दादा म्हणाला, "रात्रीचा जास्त येतो. धोंडं वाहत्यात त्याचा." धोंडे वाहतात त्याचा. मी हे ऐकून समोरच्या छोट्या गाडीएवढ्या दगडाकडे जरा आदराने बघितलं.

जेवायला दादाच्याच घरी. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा, गरम भात आणि वर आमटी. भूक लागलेली असताना सगळंच चांगलं लागतं असं म्हणतात पण ते पिठलं भूक नसतानाही तेवढंच चांगलं लागलं असतं. त्याची आजी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती, बाबांनी तिला विहिरीचं विचारलं. ती म्हणाली, "पावसाळ्यात घराभाईर पडाया येत न्हाय, अन् मे म्हैन्यात हंडा घेऊन हिंडावं लागतं. यवढं पानी पडतं, पर ऱ्हात न्हाय."

एरवी पाण्याचा विषय निघाला की बाबांना आवरावं लागतं. इथे त्यांनी एकही आकडा सांगितला नाही. विहीर किती परस खोल, खाली कातळ कधी लागला, कुठल्या महिन्यात तळ दिसतो, एवढंच विचारत राहिले आणि आजी भाकरी वाढत राहिली. कडेला असलेल्या गावांचं असंच असतं, उतार इतका तीव्र आणि खाली कातळ इतका घट्ट की पाणी मुरायच्या आधीच निघून जातं. खाली शहापूर तालुक्यात तर अजून अजब, भातसा, तानसा आजूबाजूला, त्यातलं पाणी पाइपातून आपल्या मुंबईला, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. हे मला बाबांनी परतताना जीपमध्ये सांगितलं, आजीसमोर नाही.

परतीच्या वाटेवर घाटघरला थांबलो, कोकणकडा बघायला. कडा छान आहेच, सरळ तुटलेला, खालून वर येणारा वारा, संध्याकाळचं ऊन. पण बाबांना कडा नको होता, त्यांना तिथला वीज प्रकल्प दाखवायचा होता. तो मला माहीतच नव्हता. वर घाटघरला एक धरण, खाली कोकणात चोंढ्याजवळ दुसरं, आणि दोन्हीच्या मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. जेव्हा विजेची मागणी जास्त तेव्हा वरचं पाणी खाली सोडायचं आणि वीज करायची, रात्री वीज शिल्लक असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. २५० मेगावॅट, २००८पासून चालू आहे. म्हणजे इथे असं पाणी आहे जे ना बंगालच्या उपसागराला जात ना अरबी समुद्राला, ते रोज डोंगर उतरतं आणि रोज चढतं. "लोकलच्या पासवाल्यासारखं," आतेभाऊ म्हणाला. बाबांना हा विनोद इतका आवडला की तो त्यांनी आईला, शेजारच्या जोशीकाकूंना आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून झालाय, स्वतःचा म्हणून.

कुणी जाणार असेल तर थोडं कामाचं. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी चांगला काळ, शक्य असेल तर वीकेंड सोडून जा, शनिवार-रविवारी अरुंद जागांवर अक्षरशः ट्रॅफिक जॅम होतो. आदल्या रात्री साम्रदला मुक्काम केला तर उत्तम, रात्री कडाक्याची थंडी असते, स्वेटर-कानटोपी न्या आणि लाजू नका. बूट ग्रिपवाले हवेत आणि ते ओले होणार हे धरून चाला, मोबाइल-पाकिटाला प्लास्टिक पिशवी, एक कोरडा जोड कपडे. आपला कचरा आपल्या बॅगेत परत. वयस्कर माणसांना नेताय तर पहिल्या पाण्यापर्यंत जाऊन परत आलात तरी पुष्कळ दिसतं, शेवटपर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही, बाबांचे गुडघे दोन दिवस बोलत होते आणि आई त्यांच्याशी बोलत नव्हती. मे-जूनच्या तोंडाशी गेलात तर भंडारदऱ्याच्या या भागात काजवे दिसतात, पण त्यासाठीची गर्दी हा स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.

आता नवीनच काढलंय बाबांनी. सांदणचं पाणी वरून जाताना बघितलं, ते खाली कसं पडतं ते बघायचं राहिलं म्हणतात. ऑगस्टमध्ये, खालून, डेहण्याच्या बाजूने, लांब उभं राहून, छत्री घेऊन. मी म्हटलं पावसात काही दिसणार नाही, सगळं धुकं असेल. तर म्हणाले, ऐकू तरी येईल. काल जेवताना आसनगावहून डोळखांबकडे एसटी कितीला आहे ते कुणालातरी फोनवर विचारत होते, आणि आईने न सांगता गुडघ्याचे पट्टे धुवून वाळत घातलेत, त्यावरून काय समजायचं ते मी समजलेय.